गुरांच्या स्टेशनांवरचा ॲबोरिजिनल मौखिक इतिहास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या स्टेशनांवर ज्यांनी हयात काढली, त्या आदिवासी स्त्री-पुरुषांनी तोंडी सांगितलेल्या इतिहासाबद्दल मराठी वाचकांना जे प्रश्न पडतात, त्यांची ही उत्तरं. यात दिवंगत ॲबोरिजिनल व्यक्तींची नावं आली आहेत. तिकडच्या रिवाजाप्रमाणे ही सूचना आधीच देतो.

ही स्टेशनं म्हणजे नेमकं काय?

हजारो चौरस किलोमीटरचं रान, बरंचसं बिनकुंपणाचं. मधोमध मॅनेजरचं घर, भटारखाना, भांडार, लोहारकामाची शेड, घोड्यांचे वाडे. आणि जरा लांब, ओढ्याच्या कडेला, आदिवासींचा कॅम्प. जमीन सरकारची, पट्ट्यानं घेतलेली. नॉर्दर्न टेरिटरीतल्या व्हिक्टोरिया रिव्हर डाउन्स स्टेशनाचा पसारा एके काळी आपल्या केरळ राज्याएवढा होता. त्याच्या शेजारचं वेव्ह हिल नॅट ब्युकॅनन यानं १८८३ मध्ये वसवलं आणि १९१४ मध्ये ते ब्रिटनमधल्या व्हेस्टी या मांसव्यापारी घराण्याकडे गेलं. पश्चिमेकडच्या किम्बर्ली भागात ड्युरॅक कुटुंब क्वीन्सलँडहून गुरं हाकत १८८५ मध्ये ऑर्ड नदीवर पोचलं.

छापील इतिहासात बराच काळ एवढीच कहाणी होती : धाडसी गोरी माणसं, लांबचा प्रवास, तहानलेली गुरं. त्या प्रवासात पाणी दाखवणारे, माग काढणारे आणि पुढे ऐंशी वर्षं ही स्टेशनं प्रत्यक्ष चालवणारे गुराखी कोण होते, हे तिथल्या लोकांनी सांगितलं तेव्हा कळलं.

संघर्ष कशावरून पेटला?

पाण्यावरून. कोरड्या मुलखात बारमाही डोह मोजके. गुरांना तेच हवेत, माणसांनाही तेच. शेकडो जनावरं एका डोहात उतरली की काठ चिखलाने भरतो, कमळांचे खाण्याजोगे कंद तुडवले जातात, कांगारू फिरकत नाहीत. लोकांनी भाल्यानं गुरं मारली, मग पोलीस आले. गुरं मारल्याच्या आरोपाखाली धरलेल्या माणसांच्या मानेत साखळी घालून एकामागोमाग एक शेकडो मैल चालवत नेलं जाई. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०५ मध्ये रॉथ यांच्या चौकशी आयोगानं या प्रकारावर कडक ताशेरे ओढले, तरी साखळ्या पुढे कित्येक वर्षं राहिल्या.

हॉल्स क्रीक ते विलुना हा सुमारे १,८५० किलोमीटरचा कॅनिंग गुरेमार्ग याच गोष्टीचा नमुना आहे. १९०६ मध्ये पाहणी करताना वाळवंटातल्या लोकांना साखळीनं बांधून त्यांच्याकडून पाण्याच्या जागा काढून घेतल्या गेल्या. नंतर त्याच पाण्यावर विहिरी बांधल्या गेल्या. चौकशी झाली आणि कॅनिंग निर्दोष सुटला. विहिरींना सरकारी नंबर पडले, पण वाळवंटातली माणसं आजही त्या जागा त्यांच्या जुन्या नावांनी आणि त्या पाण्याच्या कथांनीच ओळखतात.

तारीख-सन नसलेल्या या कथा इतिहास कशा म्हणायच्या?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. मला वाटतं प्रश्नातच अडचण आहे. ही कथा काळाच्या खुंटीला टांगलेली नसते, जागेला बांधलेली असते. सांगणारा 'केव्हा' हे मोघम सांगेल, 'मारण्याचा काळ', 'स्टेशनचा काळ', 'वेल्फेअरचा काळ' (सरकारी कल्याणखात्याचा), 'संपानंतर'. पण 'कुठे' विचारा. कुठल्या डोहाच्या कोणत्या काठावर, कोणत्या झाडाखाली, घोडे कुठल्या बाजूनं आले, कोण कोणत्या खडकांच्या कपारीत लपलं, त्याची आई कोण, पुढे त्याला कोणी वाढवलं, त्याची नातवंडं आज कुठल्या वस्तीत आहेत, हे सगळं तो न अडखळता सांगतो.

सांगण्याचे नियमही आहेत. ज्याचा मुलूख, त्याची कथा. शेजारच्या मुलखातली घटना ठाऊक असली तरी म्हातारा माणूस म्हणतो, ती आमची नाही, त्यांना विचार. आपल्याला हे कसं कळलं, तेही सांगायची रीत आहे : मी पाहिलं, की बापानं सांगितलं, की आजीनं पाहिलं आणि तिनं आईला सांगितलं. व्हिक्टोरिया नदीच्या मुलखात नवखा माणूस पहिल्यांदा एखाद्या डोहाशी आला, तर तिथला वडीलधारा आधी पूर्वजांना मोठ्यानं हाक मारतो, हा कोण, कशाला आलाय ते त्यांना सांगतो आणि डोहातलं पाणी त्याच्या डोक्यावर घालतो. मग बोलणं. पूर्वज ऐकत असताना खोटं बोलायचं नसतं, ही त्यामागची समजूत.

पण कॅप्टन कुकनं त्यांच्यावर गोळ्या झाडल्या असंही ते सांगतात. कुक तर तिकडे गेलाच नव्हता.

बरोबर, गेला नव्हता. १७७० मध्ये त्यानं पूर्व किनाऱ्यावरून जहाज नेलं. व्हिक्टोरिया नदी तिथून खूप दूर. तरी त्या नदीच्या मुलखातल्या याराल्लिन वस्तीतल्या हॉबल्स दानायारी या मुडबुरा जमातीच्या जाणत्यानं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला डेबोरा बर्ड रोझ या अभ्यासिकेला कॅप्टन कुकची जी दीर्घ कथा सांगितली, ती ऑस्ट्रेलियातल्या राजकीय चिंतनाच्या उत्तम नमुन्यांत मोडते असं माझं मत आहे. त्यात कुक येतो तो न विचारता. नमस्कार-चमत्कार नाही, ही जमीन कोणाची ही चौकशी नाही. मग बंदुका, मग घोडे, मग गुरं, मग गोऱ्यांचा कायदा. तो मेला तरी त्याचा कायदा त्याच्या वारसांनी चालवला.

ही अठराव्या शतकातल्या एका खलाशाची रोजनिशी नव्हे. 'कुक' हे एका वागणुकीचं नाव आहे. याच भागात नेड केली या गोऱ्या दरोडेखोराचीही गोष्ट सांगतात. तो येतो, छोटासा पाव भाजतो, किटलीभर चहा करतो आणि त्यात सगळ्यांचं पोट भरतं. तोही तिकडे कधी गेला नव्हता. पण गोऱ्यांनी कसं वागायला हवं होतं, ते सांगायला एक भला गोरा हवा होता. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली साक्ष आणि अशी नीतिकथा यांतला फरक सांगणाऱ्यांना नीट कळतो. गल्लत ऐकणाऱ्यांची होते.

हत्याकांडांच्या कथा कितपत खऱ्या मानायच्या?

एकेक प्रकरण वेगळं आहे, म्हणून चार सांगतो.

कोनिस्टन, मध्य ऑस्ट्रेलिया, १९२८. भयंकर दुष्काळ. ७ ऑगस्टला एका पाणथळीजवळ डिंगो (तिकडचे रानकुत्रे) पकडणाऱ्या फ्रेड ब्रुक्स नावाच्या गोऱ्याचा खून झाला. त्यानंतर कॉन्स्टेबल जॉर्ज मरे यांच्या तुकड्यांनी काही आठवडे वॉर्लपिरी, अनमाचेरा आणि केतेज लोकांची शिकार केली. सरकारी चौकशीत आकडा ३१ ठरला आणि गोळीबार समर्थनीय ठरला. वाचलेल्यांच्या वंशजांच्या सांगण्याप्रमाणे मेलेले साठाहून जास्त, काहींच्या मते शंभरावर. सरकारी कागद ब्रुक्स का मेला याचं धड कारण देत नाहीत. मौखिक इतिहास देतो : त्यानं बुलफ्रॉग नावाच्या माणसाची बायको ठेवून घेतली होती आणि ठरल्याप्रमाणे परत पाठवली नाही. बुलफ्रॉग डोंगरातल्या गुहेत लपला, कोणाच्या हाती लागला नाही आणि म्हातारा होऊन मेला. त्याच्या एका कृत्यासाठी ज्यांचा काहीही संबंध नव्हता अशी माणसं मारली गेली. २०१८ मध्ये, नव्वद वर्षांनी, नॉर्दर्न टेरिटरीच्या पोलीस आयुक्तांनी वंशजांसमोर माफी मागितली.

स्टर्ट क्रीक, किम्बर्ली, १९२०च्या दशकाची सुरुवात. इथं सरकारी नोंद जवळजवळ नाहीच. कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या जपलेली कथा अशी, की माणसांना बांधून आणलं, गोळ्या घातल्या आणि प्रेतं जाळली. वंशजांनी पुरातत्त्वज्ञांना ती जागा दाखवली. सापडलेल्या हाडांच्या तुकड्यांची तपासणी झाली. स्वयंपाकाच्या चुलीत होणं शक्य नाही इतक्या प्रखर आणि दीर्घ आगीत ते भाजले होते. २०१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना कागद लागतो त्यांना निदान राख मिळाली.

बेडफर्ड डाउन्स, किम्बर्ली, १९२०चं दशक. गिजा लोक सांगतात : एक दुभती गाय मारल्याबद्दल काही माणसांना पकडून विंडमला नेलं आणि मग गळ्यात बिल्ले अडकवून परत पाठवलं. स्टेशनवर त्यांना लाकडं तोडायला लावली. दुपारी जेवण दिलं, त्यात स्ट्रिकनीन. कुचल्यातलं हे विष डिंगोंसाठी प्रत्येक स्टेशनच्या भांडारात असायचंच. जी माणसं तडफडली, त्यांना त्यांनीच तोडलेल्या लाकडांवर जाळलं. हा प्रसंग गिजा लोकांनी आधी नाच-गाण्यांत जपला आणि मग शहरी रंगमंचावर आणला.

आणि मिस्टेक क्रीक, १९१५. इथं खरोखर वाद आहे. गिजांच्या कथेत रॅटिगन नावाच्या गोऱ्याची गाय हरवते, त्याच्या कॅम्पातल्यांवर आळ येतो, त्यांना मारलं जातं आणि गाय नंतर जिवंत सापडते. पोलिसांच्या कागदांत मात्र एका बाईवरून झालेलं भांडण आणि गोळ्या झाडणारे रॅटिगनचेच आदिवासी नोकर आहेत. रॅटिगनला अटक झाली, खटला उभा राहिला नाही. २००१ मध्ये गव्हर्नर-जनरल विल्यम डीन यांनी तिथं जाऊन माफी मागितली तेव्हा काही लेखकांनी त्यांना धारेवर धरलं. इथं माणसं मेली हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. वाद आहे तो हुकूम कोणाचा यावर. आणि ज्याच्या नोकरांनी बंदुका चालवल्या, तो त्या दिवशी फक्त प्रेक्षक होता यावर विश्वास ठेवायचा का, हे कागद पाहूनही ठरत नाही.

इतिहासकार लिंडल रायन यांच्या पुढाकारानं न्यूकॅसल विद्यापीठात हत्याकांडांचा नकाशा तयार झाला. एका प्रसंगात सहा किंवा जास्त माणसं मेली तरच नोंद, आणि पुरावा तपासून. अशा चारशेहून जास्त जागा त्यावर आहेत.

म्हणजे सगळे गोरे मारेकरी आणि सगळे आदिवासी बळी?

सांगणारे असं म्हणत नाहीत. उलट, ते आपल्या अपेक्षेपेक्षा जास्त काटेकोर असतात. कोणता मॅनेजर मारकुटा, कोणी पोलीस येणार म्हणून आधीच कॅम्प हलवायला सांगितलं, कोणी आपली मिश्र रक्ताची मुलं स्वतःची म्हणून वाढवली, कोणी ओळख दाखवली नाही, हे नावानिशी सांगतात. आपल्या माणसांचंही. पोलिसांच्या तुकड्यांत आदिवासी ट्रॅकर, म्हणजे माग काढणारे, असायचे, बहुधा दूरच्या मुलखातले, आणि त्यांच्या हातातही बंदुका असत.

बुनुबा लोकांचा जंदामारा याचं ठळक उदाहरण आहे. लहानपणी स्टेशनवर घोडे आणि मेंढ्यांच्या कामात तरबेज झाला, मग पोलिसांचा ट्रॅकर, आपल्याच माणसांना पकडून देणारा. १८९४ मध्ये त्यानं कॉन्स्टेबल रिचर्डसनला गोळी घातली, कैद्यांना सोडवलं आणि पुढे जवळजवळ अडीच वर्षं डोंगरांतल्या गुहांतून झुंजला. १ एप्रिल १८९७ रोजी टनेल क्रीकपाशी तो मेला, तो मिकी या दुसऱ्या आदिवासी ट्रॅकरच्या गोळीनं. बुनुबा म्हणतात, यात नवल काय? जंदामाराचा प्राण शरीरात नव्हताच, पाण्यात होता. हे दिसायला तसाच सिद्धी असलेला माणूस लागत होता.

रोजचं जगणं कसं होतं?

पावसाळा संपला की एप्रिलच्या सुमारास गुरं गोळा करायचं काम सुरू होई. पहाटे अंधारात घोडे धरायचे, आठवडेच्या आठवडे रानात मुक्काम, वासरं दोरानं ओढून डागायची, खच्ची करायची, विक्रीचे बैल वेगळे काढून महिनोन्‌महिने हाकत न्यायचे. राशन ठरलेलं : पीठ, चहा, साखर, तंबाखू आणि गोमांस. त्यातही चांगला भाग बंगल्यात, हाडं आणि आतडी कॅम्पात. ज्या जनावरांना जन्मापासून सांभाळलं त्यांच्या मांसाचा कडक तुकडा दारामागून हातात मिळायचा, ही आठवण जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत येते. मजुरी कागदावर होती. हातात कधी थोडी, कधी काहीच नाही, कधी फक्त भांडारातली उधारी.

१९४४ ते १९४६ या काळात रोनाल्ड आणि कॅथरीन बर्न्ट या मानववंशशास्त्रज्ञ दांपत्याला व्हेस्टींनी आपल्या स्टेशनांवर मजूर का कमी पडतात ते शोधायला नेमलं. त्यांना पत्र्या-पोत्यांची खोपटी, दुरून वाहून आणायचं पाणी, तान्ह्या मुलांचे मृत्यू आणि बायकांची ओढाताण दिसली. हा मजकूर ग्रंथरूपानं बाहेर यायला १९८७ साल उजाडलं. कॅम्पातल्या लोकांना मात्र तो वाचायची गरज नव्हती.

इतकं असूनही म्हातारी माणसं त्या दिवसांबद्दल अभिमानानं कशी बोलतात?

कारण ती कामात निष्णात होती. ॲन मॅग्रा या इतिहासकार बाईंनी नॉर्दर्न टेरिटरीतल्या जुन्या स्टॉकमनांच्या, म्हणजे घोड्यावरच्या गुराख्यांच्या, आणि बायकांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा त्यांना फक्त रडगाणं ऐकायला मिळालं नाही. बिथरलेला घोडा कसा बसवला, रात्री गुरं उधळली तेव्हा गाणं म्हणत त्यांना कसं शांत केलं, कोणता मॅनेजर नवखा होता आणि त्याला कसं शिकवावं लागलं, हे सगळं रंगवून सांगणारी माणसं होती. टोप्या, बूट, चमकदार शर्ट, शर्यती. यावरून मॅग्रांवर टीकाही झाली, की गुलामगिरीला गोंडस रूप दिलं.

मला यात विसंगती दिसत नाही. स्टेशनवर राहणं म्हणजे आपल्या मुलखावर राहणं. मिशनमध्ये किंवा सरकारी वसाहतीत हाकललेल्यांना ते भाग्य नव्हतं. पावसाळ्यात गुरांचं काम बंद पडे. मग मॅनेजर पीठ-साखर देऊन लोकांना रानात सोडून देई. त्याच्या हिशोबात ही बिनपगारी रजा. लोकांच्या हिशोबात वर्षाचा खरा हंगाम : लांबच्या नातलगांची भेट, मुलांचे दीक्षाविधी, लग्नं ठरवणं, पवित्र जागांची देखभाल. गुरं पाहायला निघालेला स्टॉकमन कोरड्या दिवसांतही वाटेत आजोबांच्या डोहाशी थांबायचा, आणि ते त्याच्या मालकाला कळायचंही नाही.

बायकांच्या आठवणी वेगळ्या आहेत का?

हो, आणि त्या उशिरा नोंदल्या गेल्या. धुणीभांडी, स्वयंपाक, बाग, शेळ्या, गोऱ्यांची मुलं सांभाळणं हे तर होतंच. पण किम्बर्लीत आणि टेरिटरीत अनेक बायकांनी पुरुषांच्या बरोबरीनं घोड्यावरून गुरं हाकली, कधी केस कापून, पुरुषी कपडे घालून, म्हणजे पोलिसांना संशय येऊ नये. गोऱ्या माणसानं आदिवासी बाईबरोबर राहणं कायद्यानं गुन्हा होता. प्रत्यक्षात ते सगळीकडे चालू होतं, जबरदस्तीनं, सौद्यानं आणि कधी मनापासूनही. या तिन्ही गोष्टी बायका वेगवेगळ्या करून सांगतात. पुरुषांच्या कथनात त्या एकातच मिसळतात.

आणि मुलं?

गोऱ्या बापाची मुलं सरकार उचलून नेई : डार्विनच्या काहलिन कंपाउंडमध्ये, ॲलिस स्प्रिंग्जच्या 'बंगलो' नावाच्या संस्थेत, किम्बर्लीत मूला बुल्ला या सरकारी गुरांच्या स्टेशनवर. गोरा पोलीस येताना दिसला की आया पोरांच्या अंगाला कोळसा फासून त्यांना काळं करायच्या, ही आठवण उत्तरेत पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. मूला बुल्ला १९५५ मध्ये विकलं गेलं आणि तिथं वाढलेल्यांना ट्रकांत घालून फिट्झरॉय क्रॉसिंगला आणून सोडण्यात आलं.

वेव्ह हिलचा संप पगारासाठी होता ना?

वर्तमानपत्रांत तसंच आलं. २३ ऑगस्ट १९६६ रोजी व्हिन्सेंट लिंगिआरी यांच्या मागे सुमारे दोनशे गुरिंजी आणि शेजारच्या जमातींचे लोक, गुराखी, घरकाम करणाऱ्या बायका, पोरंबाळं, वेव्ह हिल सोडून चालत निघाले. त्याआधी १ मेला न्यूकॅसल वॉटर्सच्या लोकांनी काम सोडलं होतं. कामगार संघटना मदतीला होती. तिचा आदिवासी संघटक डेक्स्टर डॅनियल्स डार्विनमध्ये लिंगिआरींना भेटला. खेचरानं लाथ मारल्यामुळे ते तिथल्या इस्पितळात होते.

पण गुरिंजींकडून ऐकलं तर सुरुवात फार मागे जाते. ते सँडी मोरे टिपुजुर्न यांचं नाव आधी घेतात. दुसऱ्या प्रांतांत गुरं हाकत गेलेला, तिथं आदिवासींना बऱ्या स्थितीत पाहिलेला हा माणूस बरीच वर्षं रात्री शेकोटीपाशी सांगत होता, की हा मुलूख आपला आहे आणि तो परत घ्यायचा. त्यांच्या कथेत त्याही मागे आजोबांच्या काळातल्या गोळ्या आहेत आणि बायकांची विटंबना आहे. पगार हा गोऱ्यांना समजणारा शब्द होता म्हणून तो पुढे केला. १९६७ मध्ये लोक वॉटी क्रीकवर, म्हणजे डागुरागुला, जाऊन बसले. ती जागा त्यांच्या पवित्र स्थळांच्या जवळ होती. पगारासाठी संप करणारा माणूस मालकाच्या जमिनीत जाऊन कुंपण घालत नाही, हे तेव्हाच दिसायला हवं होतं. त्याच वर्षी त्यांनी गव्हर्नर-जनरलना अर्ज करून सुमारे १,३०० चौरस किलोमीटर जमीन मागितली. उत्तर नकाराचं आलं.

ते बसून राहिले. १६ ऑगस्ट १९७५ रोजी पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी लिंगिआरींच्या तळहातावर माती ओतली आणि सुमारे ३,२०० चौरस किलोमीटरचा पट्टा त्यांच्या हाती दिला. सगळीकडे छापून येणारा तो फोटो मर्विन बिशप या आदिवासी छायाचित्रकाराचा. मूळ समारंभ मांडवाच्या सावलीत झाला होता. बिशप यांनी दोघांना बाहेर उन्हात येऊन पुन्हा एकदा माती ओतायची विनंती केली, म्हणून मागे तो निळा आकाशाचा पडदा आहे. १९८६ मध्ये डागुरागुची पक्की मालकी मिळाली. वेव्ह हिल स्टेशनच्या उरलेल्या जमिनीवरचा पारंपरिक हक्क न्यायालयानं मान्य केला तो २०२० मध्ये.

समान वेतन मिळालं, मग पुढे काय झालं?

आदिवासी गुराख्यांना गोऱ्यांएवढंच वेतन द्या, असा निकाल लवादानं मार्च १९६६ मध्ये दिला, अंमल डिसेंबर १९६८ पासून. मालकांनी तोवर हेलिकॉप्टर, मोटरसायकली आणि कुंपणांचा हिशोब करून ठेवला होता. किम्बर्लीत अनेक स्टेशनांनी अख्खे कॅम्प रिकामे केले. म्हातारी, आजारी, पोरं, सगळे ट्रकमधून फिट्झरॉय क्रॉसिंग, हॉल्स क्रीक या गावांच्या कडेला. सांगणाऱ्यांच्या तोंडी याचा राग हत्याकांडांपेक्षा वेगळा असतो. त्यांच्या मते मारणारे परके होते. पण हाकलणाऱ्यांच्या मुलांना याच बायकांनी कडेवर खेळवलं होतं. कारण नुसता निकाल की यंत्रं आणि बाजारही, यावर इतिहासकार अजून भांडतात.

बुडालेली मजुरी परत मिळाली?

थोडी, उशिरा. क्वीन्सलँडमध्ये मजुरी सरकारच्या ताब्यातल्या खात्यांत जाई आणि तिथंच जिरे. २०१९ मध्ये त्या राज्यानं १९ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. पश्चिम ऑस्ट्रेलियात मर्विन स्ट्रीट या माजी स्टॉकमन-चित्रकारांच्या नावानं चाललेल्या दाव्यात २०२३ मध्ये तडजोड झाली. दोन्हीकडे बहुतेक मूळ मजूर तोवर वारले होते.

न्यायालयात तोंडी साक्ष चालते का?

आदिवासींचा जमिनीवरचा पारंपरिक हक्क मानणाऱ्या १९९३ च्या नेटिव्ह टायटल कायद्यानंतर बहुतेक दावे तिच्यावरच उभे असतात, आणि न्यायाधीश पुष्कळदा त्या जागेवर जाऊन, झाडाखाली बसून साक्ष घेतात. पण फास असा : मुलखाशी संबंध अखंड आहे हे दाखवायचं, आणि हाकलून दिलेल्यानं ते दाखवायचं. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या डी रोझ हिल स्टेशनवर जन्मून तिथंच राबलेले पीटर डी रोझ आणि त्यांचे सोबती २००२ मध्ये हरले. स्टेशन सोडून गेल्यामुळे त्यांचा संबंध तुटला असं न्यायाधीश म्हणाले. वरच्या पीठानं तो निकाल फिरवला आणि २००५ मध्ये हक्क मान्य केला.

या कथा कुठल्या भाषेत आहेत, कुठे ऐकायला मिळतात?

गुरिंजी, गिजा, वॉर्लपिरी, बुनुबा, वॉल्माजारी अशा मूळ भाषांत, आणि क्रिओलमध्ये. स्टेशनांवर आणि मिशनांत इंग्रजीतून घडलेली ही स्वतंत्र भाषा आहे. तिला मोडकी इंग्रजी समजून मजकूर 'सुधारला' की कथेचा बाज जातो. १९७०च्या दशकात पूर्व किम्बर्लीत ब्रूस शॉ यांनी जॅक सुलिव्हन, ग्रँट न्गाबिज यांच्याकडून ऐकून लिहून घेतलं ते सांगणाऱ्यांच्या बोलीतच ठेवलं. कॅनबेरातल्या १९६४ पासूनच्या आदिवासी अभ्याससंस्थेत हजारो तासांचं ध्वनिमुद्रण आहे. सगळं सर्वांना खुलं नाही. काही फक्त त्या कुटुंबाला, काही फक्त बायकांना किंवा फक्त पुरुषांना. यावर चिडू नये.

चित्रांत पाहायचं असेल तर रोव्हर थॉमस. किम्बर्लीतला हा माजी स्टॉकमन १९९० मध्ये व्हेनिसच्या प्रदर्शनापर्यंत पोचला. गेरू आणि काळ्या मातीच्या सपाट पट्ट्या, कडेनं पांढरे ठिपके. पाहणाऱ्याला आधुनिक अमूर्त चित्र वाटतं. प्रत्यक्षात रस्ता, टेकडी, डोह, आणि माणसं कुठे मेली ती जागा.

आपल्या बाजूचा काही धागा आहे का?

माणसांचा मला सापडलेला नाही, गुरांचा आहे. सुरुवातीच्या स्टेशनांवर इंग्रजी शॉर्टहॉर्न गुरं होती, गोचिडांनी आणि उकाड्यानं बेजार. १९३३ मध्ये क्वीन्सलँडला अमेरिकेतून ब्राह्मण जातीची वशिंडवाली गुरं आणली. ती जात गीर, कांकरेज, ओंगोल यांच्याबरोबर कृष्णाकाठच्या 'कृष्णा व्हॅली' गुरांच्या रक्तातूनही घडली आहे. आज उत्तरेत फिरताना जिकडेतिकडे दिसतात ती तीच लांब कानांची, गळ्याखाली पोळी लोंबणारी जनावरं.

ऑस्ट्रेलियात राहतो. प्रत्यक्ष जाऊन पाहता येईल का?

येतं. वेव्ह हिलजवळचं कालकारिंजी हे गुरिंजींचं गाव डार्विनच्या दक्षिणेला सुमारे ८०० किलोमीटरवर आहे. संपकऱ्यांची पायवाट २००७ पासून राष्ट्रीय वारसा यादीत आहे. दर ऑगस्टमध्ये तिथं उत्सव असतो, लोक ती वाट पुन्हा चालतात, पाहुण्यांनाही बोलावतात. कोरड्या ऋतूतच जा. पावसाळ्यात ओढे रस्ता अडवतात. पेट्रोल मिळेल तिथं भरून घ्या. आदिवासी जमिनीवर शिरायला परवाना लागू शकतो, तो आधी काढा.

तिथं कोणी बोलू लागलं तर फोन लगेच पुढे करू नका, आधी विचारा. प्रश्नांची सरबत्ती नको. शांतता पडली तर पडू द्या. नुकत्याच वारलेल्या माणसाचं नाव घेतलं जात नाही. त्याच नावाच्या जिवंत माणसालाही मध्य ऑस्ट्रेलियात 'कुमनजाय' म्हणून हाक मारतात, आणि हे वर्षभर किंवा जास्तही चालतं. कोणाचा फोटो घेतला असेल तर तो कुठे टाकणार ते सांगा. आणि कोणी म्हणालं, की ही कथा माझी नाही, अमक्या बाईंना विचारा, तर त्या बाईंकडे जा.